वाडीतल्या दुरुस्तीवाल्यांचं संकेतस्थळ

वडोदऱ्याच्या वाडी भागातल्या एका छोट्या घरदुरुस्ती व्यवसायाच्या संकेतस्थळाचा आराखडा सध्या मी करतो आहे. दोन प्लंबर, एक वायरमन, एक सुतार आणि लागेल तसा गवंडी, एवढाच पसारा. असं काम निघालं की चर्चा सहसा वर्डप्रेस घ्यायचं की ॲप काढायचं, इथून सुरू होते. ती सुरुवातच मला पटत नाही. छत गळत असताना माणूस फोन हातात घेतो, तेव्हा त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: हा बिघाड हे लोक काढतात का, आमच्या पोळात, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत, येतात का, आणि कोणत्या नंबरवर बोलायचं. ही उत्तरं पान उघडताक्षणी समोर आली पाहिजेत. बाकीचे सगळे तांत्रिक निर्णय या एका गरजेतून निघतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

म्हणून पानांची विभागणी मी बिघाडांवरून केली आहे. ‘प्लंबिंग सेवा’ अशा मथळ्याखाली कोणी आपली अडचण शोधत नाही. ‘टाकीत पाणी चढत नाही’, ‘एमसीबी सारखा पडतो’, ‘भिंतीला ओल आली’, ‘गिझरला हात लावला की शॉक बसतो’, ही माणसांची भाषा. प्रत्येक तक्रारीला एक पान, आणि कारागीर येईपर्यंत काय करायचं ते त्या पानावर सर्वांत आधी: मेन व्हॉल्व्ह बंद करा, गिझरला हात न लावता मेन स्विच पाडा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि शहराच्या मोठ्या भागात घरांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर वायरिंग तपासल्याशिवाय वीज चालू करू नये, मोटर सुकवून तपासल्याशिवाय फिरवू नये, हे सांगणारं पान अशा वेळी लागतं. आणि ते उघडायचं असतं वीज गेलेल्या घरात, उतरत्या बॅटरीवर, रेंज नीट नसताना. तेव्हा डेटाबेसवरून दर वेळी जुळवून पाठवायची पानं इथे नकोत. आधीच तयार करून ठेवलेली साधी एचटीएमएल पानं हवीत. पानाचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची कसोटी आहे. साध्या पानाला ती सहज साधते. जोडाक्षरांमुळे देवनागरी आणि गुजराती फॉन्टच्या फायली जड होतात, म्हणून फोनमध्ये असलेलीच अक्षरं वापरायची. साध्या पानांवर एक रास्त आक्षेप येतो, की मालकाला स्वतः बदल करता येत नाहीत. पण या धंद्यात वरचेवर बदलतं काय? सुट्टीचे दिवस आणि भेटीचा आकार. ते एका छोट्या फायलीत वेगळे ठेवले की काम भागतं.

पत्त्याचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. मांडवीच्या आसपासच्या जुन्या वस्तीत नकाशावरची खूण पोळाच्या तोंडापर्यंत आणते, तिथून पुढे माणसालाच विचारावं लागतं. टेम्पो आत जात नाही, घरांच्या भिंती एकमेकींना लागून, जिने अरुंद. शिडी, पाइप, सिमेंटची गोणी कुठून हाताने न्यायची हे आधी कळलं तर एक फेरी वाचते. त्यामुळे फॉर्ममध्ये पोळ, जवळची ओळखीची खूण, मजला आणि वाहन कुठवर येतं, एवढे रकाने मी ठेवले आहेत. ईमेलचा रकाना काढून टाकला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: कामापुरतीच माहिती घ्या, काम संपल्यावर पुसा. पत्त्याचीच दुसरी बाजू म्हणजे शोधयंत्रं. त्यांच्यासाठी स्कीमा डॉट ऑर्ग ही सामायिक शब्दावली २०११ पासून आहे. तिच्यात प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी असे वेगळे प्रकार आहेत आणि कोणत्या भागात सेवा मिळते तेही नोंदवता येतं. छोट्या धंद्याला हे फुकट मिळणारं साधन आहे.

वडोदऱ्यात सगळ्यांना गुजराती कळते, मग मराठी पानं कशाला, असंही विचारलं जातं. गायकवाडी काळापासून इथे राहणारी मराठी घरं बाहेर गुजरातीच बोलतात, हे खरं. पण लग्न होऊन महाराष्ट्रातून आलेल्या बाईला विजेच्या धोक्याची सूचना स्वतःच्या लिपीत वाचता आली तर ती चटकन कळते, आणि साध्या पानांना आणखी एका भाषेची आवृत्ती जोडायचा खर्च फारसा नसतो. ती मात्र नीट करावी. प्रत्येक आवृत्तीला वेगळा पत्ता द्यावा आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवावी. फॉन्टमध्ये सोय असली तर त्या नोंदीमुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात; नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

सर्वांत मोठा आक्षेप असा, की गूगलवरची नोंद आणि व्हॉट्सॲप असताना हा खटाटोप हवाच कशाला. ती दोन्ही हवीतच, आणि नाव, पत्ता, नंबर सगळीकडे अक्षरशः सारखे हवेत. पण ती जागा दुसऱ्याची आहे, तिचे नियम दुसरा ठरवतो. २०१४ साली अर्बनक्लॅप म्हणून सुरू झालेल्या अर्बन कंपनीसारख्या ॲपवरून काम मिळतं, मात्र गिऱ्हाईक ॲपचं राहतं. शिवाय ॲपसारखी आधी दर ठरवून बुकिंग घेण्याची पद्धत ओल आलेल्या भिंतीला लावता येत नाही. पाणी वरच्या मजल्यावरून येतंय की शेजारच्या मोरीतून, हे पाहिल्याशिवाय कोणताही प्रामाणिक गवंडी आकडा सांगणार नाही. म्हणून भेटीचा आकार ठळक छापायचा, कामाचा अंदाज पाहणीनंतर लिहून द्यायचा आणि पैसे काम झाल्यावर यूपीआयने किंवा रोख घ्यायचे.

कारागिरी शिकवण्यासाठी महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली याच शहरात कलाभवन उघडलं. अशा शहरातल्या कारागिराचं नाव दुसऱ्याच्या यादीत एक ओळ होऊन राहू नये, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा असं संकेतस्थळ करून घेणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला विनंती आहे: रंग आणि चित्रं पसंत करण्याआधी डोमेन कोणाच्या नावावर घेतलं जातंय ते पाहा. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्या आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.