संगणकाची मूर्च्छा

मूर्च्छा व मृत्यु यांतील भेद ओळखणें हें वैद्याचें पहिलें काम होय. संगणकाच्या बाबतींतहि हाच भेद ओळखावा लागतो, हें आम्हांस गेल्या पावसाळ्यांत अनुभवानें कळलें.

आमच्या घरच्या संगणकांत आजीच्या जात्यावरील ओव्या सांठविलेल्या होत्या. तिच्या शेजारीं बसून आम्हीं त्या तिच्याच आवाजांत ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आजी आतां ह्या जगांत नाहीं. एके सायंकाळीं संगणकांत नवी सुधारणा बसत असतां वीज गेली. थोड्या वेळानें वीज आली. परंतु संगणक कांहीं केल्या सुरू होईना. पडद्यावर ठिपक्यांचें वर्तुळ क्षणभर फिरे आणि पुनः अंधार पडे.

दुरुस्तीच्या दुकानांतून फोनवर उत्तर मिळालें, "सगळें पुसून नवें टाकूं. तासाभराचें काम आहे." बाबा म्हणाले, "यंत्र नवें मिळेल हो. आमच्या आईचा आवाज कोठून आणावयाचा?"

वाचकहो, येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. यंत्र चालविणारी कार्यप्रणाली ही एक वस्तु, आणि आपण सांठविलेले लेख, चित्रें व आवाज ही दुसरी. सुधारणा अर्धवट राहिली म्हणजे बहुधा पहिली बिघडते. दुसरी आपल्या जागीं सुरक्षित असते. म्हणून सौम्य उपाय आधीं व कठोर उपाय शेवटीं, असाच क्रम ठेवावा.

विंडोज ही कार्यप्रणाली लागोपाठ दोनतीनदां सुरू होऊं शकली नाहीं, तर ती स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढें करते. आपोआप दुरुस्ती, नुकतीच बसविलेली सुधारणा काढणें, पूर्वीच्या नोंदलेल्या स्थितीकडे परतणें, असे उपाय तेथें असतात. 'रीसेट' हा अखेरचा. त्यांत फाइली राखण्याचा व सर्व पुसण्याचा असे दोन मार्ग असतात. फाइली राखल्या तरी आपण बसविलेलीं ॲप्स त्यांत जातात.

आपोआप दुरुस्तीनें आमचें काम झालें नाहीं. सुधारणा काढावयास गेलों, तों संगणकानें ४८ अंकी किल्ली मागितली. चकती कुलूपबंद असली म्हणजे ही किल्ली लागते. ती नसेल तर आंतील मजकूर धन्यालाहि मिळत नाहीं. बाबांनीं मोबाईलवर आपल्या खात्यांत ती शोधली. सहा सहा अंकांचे आठ गट त्यांनीं वाचले व आम्हीं ते टंकित केले. पुढें बराच वेळ घरांत कोणी बोललें नाहीं. अखेर पडदा उजळला. आम्हीं प्रथम त्या ओव्यांच्या दोन निराळ्या ठिकाणीं प्रती केल्या आणि मगच सुधारणा पुनः बसविली. कारण संरक्षणासाठीं ती आवश्यकच असते.

असें संकट एका घरापुरतेंच येतें असें नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या संरक्षक प्रणालीच्या एका सदोष सुधारणेमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज संगणक बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. आपल्या देशांत कांहीं विमानप्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय मात्र साधा होता: संगणक 'सेफ मोड'मध्यें सुरू करून ती सदोष फाइल काढणें. तथापि अनेक ठिकाणीं तो एकेका संगणकापाशीं बसून करावा लागला, आणि तेथेंहि कित्येकांस त्याच ४८ अंकांची गरज पडली.

पालकांस आमची विनंति आहे कीं, ही किल्ली कागदावर उतरवून घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. आणि बालमित्रांनो, संगणक सुरू होत नाहीं म्हणून कोणी "पुसूं का?" असें विचारील, तेव्हां त्यांत पुनः न मिळणारें काय आहे तें आधीं आठवून पाहा, आणि मगच उत्तर द्या.