खेळण्याचीच नक्कल

'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेत 'द डूम्सडे मशीन' नावाचा भाग आहे. २० ऑक्टोबर १९६७ रोजी तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. त्यात मालिकेतल्या 'एंटरप्राइज' या मुख्य अंतराळजहाजाच्या जातकुळीतलं 'कॉन्स्टेलेशन' हे जहाज मार खाऊन निकामी झालेलं सापडतं. हे जहाज म्हणजे एएमटी कंपनीचं, दुकानात मिळणारं एंटरप्राइजचं प्लास्टिकचं किट! एंटरप्राइजचं स्टुडिओतलं मॉडेल अकरा फुटी. तसं दुसरं करणं मालिकेच्या खिशाला परवडणारं नव्हतं. मग जेमतेम दीड फुटाचं किट आणलं, त्याची मोडतोड केली, सोबतच्या चिकटवायच्या आकड्यांतल्या, एंटरप्राइजच्या १७०१ ची उलटापालट करून १०१७ केलं. झालं नवं जहाज.

जुन्या खेळण्यांतून टीव्हीवरच्या वस्तूंच्या प्रतिकृती करायच्या, हा माझा सुट्टीचा उद्योग. इथे अमेरिकेत गॅरेज सेलमध्ये फुटकी, अर्धवट जोडलेली किटं अजून मिळतात. या उद्योगात कॉन्स्टेलेशनइतकं मला दुसरं काही आवडत नाही. एरवी आपण खेळण्यातलं खेळणंपण झाकायला धडपडतो: स्क्रूची भोकं लांबी भरून बुजवा, साच्याची जोडरेघ पॉलिश पेपरने घासा, पोटावरची कंपनीची उठावाची अक्षरं खरवडून काढा. इथे मूळ वस्तूच खेळणं होती. ते झाकून कसं चालेल?

अडचण नेमकी इथेच आहे. मॉडेलवर बॉम्बचं भगदाड दाखवायची एक चांगली, सर्वमान्य रीत आहे. प्लास्टिक आतल्या बाजूने छोट्या ड्रिलने खरवडत कागदाइतकं पातळ करायचं, मग बाहेरून टोचून फाडायचं. कडा पातळ राहिली की डोळा तिला धातूचा पत्रा समजतो. पडद्यावरच्या कॉन्स्टेलेशनच्या कडा मात्र जाड, वितळून गोल झाल्यासारख्या दिसतात. पॉलिस्टायरीन शंभर अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवलं की आधी जागा चकाकते, मग खचते आणि कडेला लोण्यासारखी वळी जमते. ही वळी कापून टाकायला हात शिवशिवतात. कापायची नाही. आपण जहाजाची नक्कल करत नाही आहोत, १९६७ साली कुणीतरी घाईत चटके दिलेल्या किटची करतो आहोत. (हे काम खिडकी उघडी ठेवून, तोंडाला मास्क लावूनच करा, तो धूर वाईट.)

याच किटची आणखी एक खोड जाणकारांना माहीत आहे. इंजिनांच्या दोन लांब नळ्या ज्या पातळ खांबांवर उभ्या असतात, ते खांब काही काळाने झुकतात. एंटरप्राइज करायची असेल तर आत पितळी सळई घालून त्यांना ताठ करावं लागतं. कॉन्स्टेलेशनला ही खोड खपते. लढाईतून आलेलं जहाज थोडं वाकडं असायचंच!

ती सगळी मालिकाच अशा जुगाडावर उभी होती. 'द मॅन ट्रॅप' या भागासाठी भविष्यकाळातल्या वाटाव्यात अशा मिठाच्या डब्या आणल्या, पण त्या मिठाच्या आहेत हे प्रेक्षकाला कळेना. म्हणून साध्याच डब्या वापरल्या आणि त्या फॅशनेबल डब्या जहाजावरच्या डॉक्टर मॅकॉयची शस्त्रक्रियेची हत्यारं झाल्या. वा चँग या शिल्पकाराने केलेल्या, पात्रांनी बोलायला वापरायच्या कम्युनिकेटर यंत्राच्या जवळून दाखवायच्या नगात नक्षीची चकती फिरायची, ती स्टॉपवॉचच्या यंत्रावर. आमच्या पिढीने हे सारं ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलं. अँटेना हलवत पाहिलेल्या त्या चित्रात मिठाची डबी काय आणि लेझरची सुरी काय!

२००६ पासून मालिकेची नवी आवृत्ती येऊ लागली, तेव्हा 'द डूम्सडे मशीन'मधलं किटही काढून तिथे संगणकावर केलेलं जहाज बसवलं. ते देखणं आहे, जखमाही पटणाऱ्या आहेत. मला ते बेचव वाटतं. अकरा फुटी एंटरप्राइज वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये सन्मानाने बसली आहे. तिची प्रतिकृती करायला पैसा आणि मोठी खोली लागते. दीड फुटी कॉन्स्टेलेशन मात्र कुणालाही स्वयंपाकघरातल्या टेबलावर करता येते. आकडेसुद्धा तसेच लावावेत: १७०१ चा कागद कात्रीने कापून, अंक सुटे करून, पाण्यात भिजवून, एकेक सरकवून. छापील १०१७ विकत मिळतात म्हणे, पण मग मजा काय राहिली?

एक विनंती मात्र आहे. १९६६ च्या पहिल्या खेपेचं, दिवे लागणारं, खोक्यासकट न जोडलेलं किट कुणाच्या माळ्यावर सापडलं तर त्याला चटका देऊ नका. ते तसंच ठेवा, नाहीतर जपणाऱ्याच्या हाती द्या. कंपनीने पुढे हे किट अनेकदा काढलं. भाजायला ती नंतरचीच घ्या.