लॅमिंग्टन रोडची बाजारवारी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडले की थोड्या चालीवर लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे हे नाव. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव टिकले आहे. कधीकाळी हा सिनेमागृहांचा रस्ता होता. १९७५ साली 'शोले' इथल्याच मिनर्व्हात लागला तो पाच वर्षे हलला नाही. आता इथे कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळतात.

आमच्या वस्तीतील बारावी झालेल्या मुलाला गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर हवा होता. वडिलांनी पतपेढीतून पन्नास हजार उचलले होते. मॉनिटर घरी होता. "खेळासाठी एवढं कर्ज काढायचं का हो, दादा?" असे ते गाडीत दोनदा म्हणाले. मुलगी सिव्हिल डिप्लोमाला आहे. तिच्या थ्री-डी आराखड्यांनाही हेच ग्राफिक कार्ड चालते, हे सांगितल्यावर त्यांना जरा धीर आला. पण वाचकहो, आपल्या पोरांनी यंत्राला हात लावावा तो फक्त परीक्षेपुरताच, हे आम्हाला मान्य नाही. सुखवस्तू घरातला मुलगा खेळतो तेव्हा त्याच्याकडे कोणी हिशेब मागत नाही.

पहिल्या दुकानात काचेचे, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट पुढे आले आणि आत बिननावाचा एसएमपीएस. दिव्यांनी गेम पळत नाही. खरा पैसा ग्राफिक कार्डात घालायचा, साधारण तिसरा हिस्सा, मग प्रोसेसर. मुलाने कागदावर रायझेन ५ ५६०० लिहून आणला होता. सहा कोअरचा हा प्रोसेसर एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डवर बसतो आणि त्याला डीडीआर४ रॅम लागते. एएम५ चा बोर्ड घेतला तर रॅमही डीडीआर५ घ्यावी लागते, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले. सोळा जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या, दोन्ही वाटांनी काम होते.

कार्ड आठ जीबीचे आरएक्स ६६०० ठरले. ते १३२ वॅट खाते, म्हणून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो. एकाने जुने कार्ड निम्म्यात देऊ केले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले तेव्हा रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डे बाजारात आली. जुन्या कार्डाचा पूर्वेतिहास कोण सांगणार?

"बिल नको असेल तर कमी करतो, साहेब." जीएसटी अठरा टक्के, मोह पडतोच. मुलाचे वडील एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पक्कं बिल करा. वॉरंटी मागायला मी परत येणार आहे." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यांनी जयभीम केला. जोडणीच्या टेबलावरचा पोरगा मान वर करून म्हणाला, "जयभीम, काका." मग पंखा कुठे बसवायचा, केबल कशी वळवायची, हे त्याने मुलाला स्वतःच्या हाताने करू दिले.

कॅबिनेट साधे, जाळीचे घेतले. डिस्क ५०० जीबीची एनव्हीएमई. मोठी पुढच्या बोनसला. जाणाऱ्यांनी शनिवारी सकाळीच निघावे, रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात.