खालच्या अंगाला

जालन्यात मी माउंटन बाईक घेतली तेव्हा गल्लीतल्या एका पोरानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, पण डोंगर कुठंय?"

पोराचं चुकलं नव्हतं. आमच्या गावाचं नाव निघालं की लोकांना लोखंडी सळ्या आठवतात, बियाण्यांच्या कंपन्या आठवतात, फार तर मोसंबी. डोंगर कुणाला आठवत नाही. तरी ते आहेत. उत्तरेला भोकरदनच्या पलीकडं अजिंठ्याची रांग दिसते, अंबडला मत्स्योदरीची मासोळीसारखी टेकडी आहे, आणि त्याच तालुक्यात रोहिलागड. डांबरी सडकेनं तिथवर कुणीही जाईल. मला जायचं असतं ते पांदणीनं, धुऱ्याधुऱ्यानं, ओढ्यातल्या रेतीत सायकल खांद्यावर घेऊन. आणि अशा वाटांवर मी इतका चुकलोय, की कापूस वेचणाऱ्या बायका आता लांबूनच हाताने दिशा दाखवतात. हसतात ते वेगळंच.

सुरुवातीला फोनवर भागवलं. हँडलला फोन अडकवायचा, नकाशा उघडायचा, निघायचं. चैत्र सरेपर्यंत ठीक चाललं. वैशाखात एका दुपारी फोन इतका तापला की त्यानं आपण होऊन डोळे मिटले. उन्हात त्याचा पडदा तसाही काळा ठिक्कर दिसायचा. मी आपला त्यात स्वतःचा घामेजलेला चेहरा बघत चाललो होतो. पावसाळ्यात वेगळी तऱ्हा. पडद्यावर दोन थेंब पडले की ते बोटासारखे वागायचे आणि नकाशा सरकत सरकत थेट परभणीला. म्हणून ठरवलं, सायकलचं वेगळं यंत्र घ्यायचं. गार्मिन, वाहू, ब्रायटन ही नावं तोंडात बसली. रात्री जेवण झाल्यावर त्यांचे तक्ते वाचत बसायचो. पंचांग बघून मुहूर्त काढावा तसं.

तक्त्यात सगळ्यात ठळक छापलेलं असतं ते वळणावळणाला मिळणारं मार्गदर्शन. दोनशे मीटरवर डावीकडे, मग उजवीकडे. हे वाचताना मला नेहमी शिवारातली माणसं आठवतात. आमच्याकडं वाट विचारली तर डावं-उजवं क्वचितच ऐकू येतं. "असंच धुऱ्यानं जा. मोठा लिंब लागंल. तिथून खालच्या अंगाला वळा, मग नळीनळीनं गेलं की गाव." खालचं अंग, वरचं अंग. पाणी जिकडं वाहतं ते खालचं. तुमचं तोंड कुठंही असो, खालचं अंग बदलत नाही. माणूस वळला की डावं-उजवं वळतं. उतार जागचा हलत नाही. एवढी पक्की दिशा सोडून यंत्रावरच्या बाणाच्या मागे का जावं, हे मला अजून कळलेलं नाही.

बाणाचं आणखी एक दुखणं आहे, आणि ते मला गाव नकाशा समोर पसरल्यावर समजलं. महसूल खात्याच्या या नकाशावर पायवाट तुटक रेषेनं काढलेली असते आणि तिची रुंदी धरतात सव्वाआठ फूट. गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट. हे आकडे कुठून आले? जमीन मोजायच्या साखळीतून. तेहतीस फुटांची साखळी; तिचा चौरस म्हणजे गुंठा, अर्धी साखळी म्हणजे गाडीवाट, पाव साखळी म्हणजे पायवाट. आता यंत्राकडं बघा. उघड्या आभाळाखाली साध्या फोनची जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. म्हणजे मी पाव साखळीच्या वाटेवर उभा आहे आणि यंत्राची चूक अर्ध्या साखळीची आहे. मी वाटेवर आहे की शेजारच्याच्या कपाशीत, हे त्याला सांगता येत नाही. ज्या हातभर जमिनीपायी भावाभावांत बोलणं बंद होतं, ज्या वाटेची तक्रार १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे वर्षानुवर्षं चालते, ती वाट उपग्रहाच्या लेखी एका ठिपक्यात मावते.

तरी त्या ठिपक्याची करामत कमी नाही. वीस हजार किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह फक्त वेळ आणि आपला ठावठिकाणा सांगत असतात. किती वाजले, मी कुठं, एवढंच. आवाज पोचायला किती उशीर झाला त्यावरून यंत्र अंतर काढतं. तीन उपग्रहांवरून जागा कळते आणि चौथा लागतो तो यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक सुधारायला, कारण सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर जागा तीनशे मीटर सरकते. पूर्वी अमेरिकेचं सैन्य सामान्यांसाठी हा संदेश मुद्दाम बिघडवून सोडायचं. ते बंद करत असल्याचं तिथल्या अध्यक्षांनी १ मे २००० रोजी जाहीर केलं. आमचा जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा निघाला तोही १ मेलाच, १९८१ साली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला तो योग आवडतो. आपल्या इस्रोनंही २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले, 'नाविक' नावाचे. मी घेतलेलं यंत्र त्यांचं ऐकत नाही, ही एक रुखरुख आहे.

घेतलं ते गार्मिनचं एज ५३०, जुनं, एका सायकलवाल्याकडून. २०१९ साली याच घराण्यात ५३० आणि ८३० अशी दोन भावंडं आली. पोटात जवळपास सारखीच. मोठ्याला स्पर्शाचा पडदा, धाकट्याला बटणं. मी बटणं घेतली. काळ्या रानातला चिखल ज्यानं चाकात अडकलेला बोटांनी उकरून काढलाय, तो दुसरं काही घेणार नाही. बॅटरी कंपनीच्या सांगण्यानुसार वीस तास. आणि पडदा असा की जितकं ऊन कडक तितका तो स्पष्ट, कारण तो उन्हाचाच उजेड परतवून अक्षरं दाखवतो. वैशाखात आनंदानं उघडे राहणारे एवढेच डोळे मी पाहिलेत.

दुहेरी लहरींची महागडी यंत्रं मात्र मी सोडून दिली. सह्याद्रीतल्या खिंडीत, कड्यावर आपटून संदेश उशिरा येतो तिथं त्यांचा उपयोग. आमच्याकडं आपटायला आहे काय? बाभळी. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं.

नकाशावर फार भिस्त ठेवायची नाही, हेही शिकलो. हौशी लोकांनी उपग्रहाची छायाचित्रं बघून काढलेल्या वाटा असतात त्या, आणि छायाचित्र बहुधा कोरड्या दिवसांतलं. मार्चात रान मोकळं झालं की बैलगाडी, ट्रॅक्टर, शेरडं सगळी आडवी जातात आणि वाट पडते. मृग बरसला की तीच वाट नांगरून त्यात सोयाबीन. भाद्रपदात यंत्र म्हणतं रस्ता आहे, आणि पुढं कमरेएवढं हिरवं पीक उभं. पण यंत्राची एक गोष्ट मला पटली. मी आलो तो माग ते ठिपक्याठिपक्यानं जपून ठेवतं. पुढची वाट माणसांना विचारावी, परतीची यंत्राला. एवढी वाटणी केली आणि चुकण्याची भीती गेली. चुकणं अर्थात चालूच आहे.

आणि त्याला खालचं अंग कळतं. आत हवेचा दाब मोजणारा बारीकसा काटा आहे. उपग्रहावरून काढलेली उंची सपाट रस्त्यावरही उड्या मारते, जालना ते बदनापूर हिमालय उभा करते. दाबावरून काढलेली उंची मात्र पाण्याइतकी शहाणी. नळी कुठल्या बाजूनं उतरते ते तिला समजतं, वीतभर आधीच.

फसतं तेही. दख्खनच्या हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. वादळ नको, ढग नको, रोजचा श्वास आहे तो. एक मिलिबार दाब उतरला की यंत्र समजतं, आपण आठ-नऊ मीटर चढलो. मागच्या पौषात रोहिलागडाकडं जाऊन आलो. सकाळी दहाला निघताना फाटकाशी ५०६ मीटर. चारला परत आलो तर त्याच फाटकाशी ५२९. दिवसभरात घर तेवीस मीटर वर गेलं होतं. शेवटचा चढ म्हणून मी ते मोजून घेतलं, सायकल आत घेतली, आणि टायरमधले बाभळीचे काटे काढत पायरीवर बसलो.