डासांची वही

आमच्या गावात एकदा पावसाळा सुरू झाला, की पाण्याला तोटा नसे. कौलांवरून पागोळ्या गळत, परसातली डोणी तुडुंब भरे आणि माडाखाली पडलेल्या करवंट्यांतही पाणी साचे. दिवेलागणीला डास गुणगुणू लागत. डास म्हणजे डास, एवढेच आम्हां मुलांना ठाऊक. त्यांच्यातही निरनिराळ्या जाती असतात आणि प्रत्येकीचे घर वेगळे असते, हे आमच्या स्वप्नीही नव्हते.

मी सातवीत असताना आमच्या शास्त्राच्या गुरुजींनी एक नवा उद्योग काढला. गावातील पाण्याच्या जागा त्यांनी आम्हां मुलांत वाटून दिल्या. दर रविवारी आपापल्या जागी जायचे, पळीने पाणी काढून पांढऱ्या बशीत ओतायचे, भिंगातून पाहायचे आणि दिसेल ते वहीत लिहायचे. त्या जाड वहीला आम्ही ‘डासांची वही’ म्हणत असू.

पहिल्याच रविवारी आमचे डोळे उघडले. गटारातल्या घाण पाण्यातील अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबकळत होत्या. शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून त्या श्वास घेत. ती क्यूलेक्स जात. करवंटीतल्या स्वच्छ पाण्यातील अळ्याही तशाच लोंबकळत. पण त्यांचे डास निघाले, ते काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेले! ते एडीस, दिवसा चावणारे. शेताच्या बांधाजवळच्या डबक्यात मात्र अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडव्या तरंगत होत्या. त्यांना श्वासाची लांब नळीच नव्हती. गुरुजी म्हणाले, “हीच ती अॅनॉफेलिस. हिवताप पसरवते ती हीच.”

एका मुलाने विचारले, “गुरुजी, डास मारायचे सोडून त्यांच्या जाती कशाला लिहायच्या?”

गुरुजी हसले. त्यांनी आम्हांला रोनाल्ड रॉस यांची गोष्ट सांगितली. हिवतापाचे मूळ शोधण्यासाठी रॉस यांनी सुमारे दोन वर्षे डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पण हाती काही लागेना. कारण ते डास भलत्याच जातींचे होते. अखेर ठिपकेदार पंखांचे डास त्यांना मिळाले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस, त्यांतील एका डासाच्या जठरात, त्यांना हिवतापाचे जंतू आढळले. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. “शत्रू कोण आणि तो राहतो कोठे, हे कळल्यावाचून लढाई कशी करणार?” गुरुजी म्हणाले.

माझ्या वाट्याला वरच्या आळीतील रहाटाची विहीर आली होती. पहिले तीन रविवार मी नेमाने गेलो. पोहऱ्यातले पाणी बशीत ओतून पाहिले. अळी एकही नव्हती. चौथ्या रविवारी पावसाची झड लागली होती. आईने गरम घावन केले होते. मी विहिरीकडे फिरकलोच नाही. ‘नेहमीसारखेच असणार’ असे मनाशी म्हणत मी वहीत लिहून टाकले, ‘अळ्या नाहीत.’

पुढल्या रविवारी गुरुजी स्वतः माझ्याबरोबर विहिरीवर आले. पोहरा वर आला, तो त्यात आडव्या तरंगणाऱ्या अळ्या, स्वल्पविरामासारखे वाकडे कोष आणि कोषांची रिकामी टरफलेही!

गुरुजींनी वही उघडली. “अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आज टरफले दिसतात, म्हणजे डास उडूनही गेले. मग गेल्या रविवारी येथे अळ्या नव्हत्या, हे कसे?”

माझी मान खाली गेली. मी खरे ते सांगितले.

ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, “अरे, गेला नव्हतास, तर जागा कोरी ठेवायचीस. कोऱ्या जागेने मला सावध केले असते. खोट्या नोंदीने मला निर्धास्त केले.”

विहीर पिण्याच्या पाण्याची. तिच्यात रॉकेल ओतणे शक्य नव्हते. गुरुजींनी गप्पी मासे आणून सोडले. अळ्या हे त्यांचे आवडते खाद्य. हळूहळू विहीर निर्मळ झाली.

परंतु महिन्याभराने माझ्या धाकट्या बहिणीला हुडहुडी भरून ताप आला. एक दिवसाआड ती गोधड्यांखाली थरथर कापे. रक्त तपासल्यावर हिवताप ठरला. औषधाने ती बरी झाली. तिला चावलेला डास त्याच विहिरीतला होता की दुसरीकडचा, हे कोणालाच सांगता आले नसते. तरीही तिच्या उशाशी बसलो असता मला वहीतली ती एक ओळ सारखी दिसत असे.

आज जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती ठाऊक झाल्या आहेत. झाडांच्या ढोलीत, ओढ्याकाठी, पाणवनस्पतींच्या मुळांशी वाकून कोणीतरी त्या पाहिल्या आणि जसे दिसले तसेच लिहिले. अशा याद्या पाहताना माझे मस्तक नम्र होते. त्यांतील प्रत्येक ओळीसाठी कोणीतरी भर पावसात विहिरीपर्यंत गेलेला असतो.