आमच्या घरातले दोन गुप्तहेर

मला लहानपणापासून रहस्यकथांचं वेड. बाबूराव अर्नाळकरांची धनंजय-छोटूची पुस्तकं मी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची. लग्न होऊन वाशिमला आले ती ही हौस घेऊनच. आमच्या ‘ह्यां’ना मात्र कथा-कादंबऱ्यांचा गंध नाही. हिशेबाची वही बरी अन् आपण बरे! मी चटकन बोलणार, हे तासाभरानं ‘हूं’ म्हणणार. कित्येक वर्षं मला वाटे, ह्या जोडीचं गणित कुठंतरी चुकलंच.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गच्चीवर कुरडयांचा घाट घातला होता. संध्याकाळी बघते तो बोटात अंगठी नाही! आईनं दिलेली, तिची शेवटची आठवण. सारं घर पालथं घातलं. आणि मनात पाल चुकचुकली. भांडी घासणारी बाई त्या दिवशी दोनदा गच्चीवर आली होती. बारा वर्षं घरात वावरणारी बाई, पण मी तिला गुन्हेगार ठरवलंसुद्धा! म्हटलं, “उद्या आली की विचारतेच.”

हे म्हणाले, “एकदा विचारलंस की तो शब्द परत घेता येणार नाही. आधी सकाळपासून काय काय केलंस, ते ओळीनं सांग.” आणि चक्क वही उघडून बसले. असा राग आला म्हणता! चीक कधी शिजला, सोऱ्या कुणी धरला, खाली काय अंथरलं...

“जुनं लुगडं,” म्हणाले आणि थबकलेच. सोऱ्या हातात घेण्याआधी मी अंगठी काढून पदराच्या टोकाला बांधली होती. पण माझा पदर तर कमरेला खोचलेला! मग गाठ मारली ती कशाला? बॅटरी घेऊन दोघं गच्चीवर धावलो. अंथरलेल्या लुगड्याच्या टोकाला, दगडाखाली, गाठ होती. गाठीत अंगठी.

ह्यांनी विचारलं नसतं तर मला आठवलं नसतं. आणि पदराला गाठ मारायची बायकांची सवय ह्यांना जन्मात सुचली नसती.

तेव्हा माझ्या आवडत्या जोड्यांचं मर्म कळलं. १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्सला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही ठाऊक नसतं. त्याची बुद्धी धारदार, पण ती आपल्यापर्यंत पोचते डॉक्टर वॉटसनच्या शांत, सरळ सांगण्यातून. दूरदर्शनवर १९८५ साली आलेला गाजर खाणारा करमचंद आठवतो ना? त्याच्या हुशारीला रंग चढायचा तो किटीच्या भाबड्या प्रश्नांनीच. आणि अगाथा ख्रिस्तीचे टॉमी-टपेन्स तर आपल्यासारखंच जोडपं. तो सावकाश पण चिवट, ती चपळ, मनाचा कौल ऐकणारी. १९२२ ते १९७३ अशा पाच पुस्तकांत दोघं तरुणपणापासून आजी-आजोबा होईपर्यंत बरोबरीनं शोध घेतात. दोघंही टपेन्स असती तर चुकीच्या माणसाला पकडून मोकळी झाली असती. दोघंही टॉमी असते तर घरातून निघालेच नसते!

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीसारखी आली. तिच्या चहात मी चमचाभर साखर जास्तच घातली.

“आज काय विशेष, बाई?” तिनं विचारलं.

मी नुसतीच हसले. हे वहीत डोकं घालून म्हणाले, “हूं.”