चाकांवरचें बिऱ्हाड

चाकांवर बिऱ्हाड थाटून हिंडण्याची आमची हौस स्कॉटलंडांत फिटली. नकाशांतील सर्वांत जवळची वाट पाहून आम्ही ॲपलक्रॉसचा बेत आखला. गाडीची लांबी तेवढी हिशेबांत धरली नाहीं! बेलाख ना बा ही खिंड ६२६ मीटर उंच. रस्ता एकपदरी, वळणें जीवघेणीं. पायथ्याशींच पाटी होती: मोठ्या गाड्यांनीं पुढें जाऊं नये. आम्ही तरी घुटमळलों. कुटुंब म्हणालें, "फिरा परत." निमूटपणें फिरलों आणि शील्डेगवरून समुद्रकांठच्या लांबच्या वाटेनें गेलों. तीही एकपदरीच, परंतु समोरून कोणी आल्यास बाजूस थांबण्यापुरत्या जागा राखलेल्या. दुसऱ्या दिवशीं निघण्यापूर्वीं गॅसची तोटी कुटुंबानें बंद केली. सांडपाण्याची टाकी नेमल्या जागीं रिती करण्याचा मान प्राध्यापकमहाशयांकडे आला.